आधी मोजा, मग बोला

स्वरांजलीचा उजवा तळहात भाजला, तेव्हा वर्गातले सगळे दिवे हिरवे होते.

त्या सकाळी हेळेवाडीच्या शाळेतली दुसरीची मुलं वाळवंटात गेली होती. म्हणजे गेली कुठेच नव्हती. आजऱ्याजवळच्या त्या हिरव्यागार गावात सतरंजीवर मांडी घालून बसली होती. फक्त प्रत्येकाच्या हातांत राखाडी मोजे होते आणि समोरच्या पडद्यावर वाळूच्या टेकड्या. मुलं बोटं हलवायची आणि बोटांना खरीखुरी वाळू लागायची, तापलेली, खरखरीत, मुठीतून निसटून जाणारी.

"काय लागतंय?" वृषालीबाईंनी विचारलं.

"गरम!" सगळा वर्ग ओरडला आणि सगळ्यांच्या मनगटांवर हिरवे ठिपके लागले. हिरवा म्हणजे बरोबर.

तास संपला. मोजे निघाले. स्वरांजलीनं डावा मोजा काढून घडी घातली आणि उजवा तसाच ठेवून बसून राहिली. वृषाली जवळ गेली, "आण गं स्वरू," म्हणत तिनं मोजा ओढला, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. तळहाताच्या मधोमध कातडी पांढरट पडली होती आणि कडेनं लालभडक. पोरगी रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. शेजारचा पृथ्वीराज किंचाळला, "बाई, हिचा हात भाजलाय!" तेव्हा कुठे तिनं हाताकडे बघितलं, आणि मग मात्र असा टाहो फोडला की पलीकडच्या वर्गातले हत्तरकी सर हातातला खडू घेऊनच धावत आले.

वृषाली कुराडे ही काही यंत्राला भुलणारी बाई नव्हती. निदान तिचा स्वतःबद्दल तसा समज होता, आणि तो बराचसा खराही होता. नोकरीला लागली त्या वर्षी तिनं वर्गाच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं, स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आधी मोजा, मग बोला. त्यालाही कारण होतं. लहान पोरं म्हणजे ठाम मतांची फॅक्टरी. माझा दगड जड, माझी पेन्सिल लांब, माझ्या बाटलीत जास्त पाणी. भांडण लागलं की वृषाली नुसतं भिंतीकडे बोट दाखवायची, की पोरं निघाली करवंट्यांचा तराजू आणायला. विती मारल्या जायच्या, पेले भरले जायचे, सांडले जायचे. वर्ग कसला, आठवडी बाजार. खिडकीत ठेवलेल्या मटकीला एकाच्या वाटीत मोड यायचे, दुसऱ्याच्या वाटीत वास. पण पोरांचे हात सतत कशात तरी असायचे, आणि वृषालीला तेच हवं होतं.

तिचा सगळ्यात लाडका प्रयोग होता तीन बादल्यांचा. एका बादलीत माठातलं गार पाणी, दुसरीत सोसवेल इतकं गरम, मधल्या बादलीत दोन्ही मिसळून. एक हात गारमध्ये, एक गरममध्ये, थोडा वेळ थांबायचं, मग दोन्ही हात एकदम मधल्या बादलीत. पाणी तेच; पण गारमधून आलेल्या हाताला ते गरम लागतं आणि गरममधून आलेल्याला गार. एका वर्षी एक पोरगा डोळे मोठे करून ओरडला होता, "बाई, माझे हात भांडालेत!" तेव्हापासून त्या प्रयोगाचं नावच पडलं हातांचं भांडण. मग ते मिटवायला वृषाली कपाटातून तापमापी काढायची. मोजायचं कशासाठी, हे त्या दिवशी पोरांना न सांगता कळायचं.

आणि मग मोजे आले.

त्यातलं विज्ञान तसं अवघड नव्हतं. ऊन, गारवा, खरखर, वजन, हे सगळं शेवटी कातडीनं मेंदूला पाठवलेले निरोप. मोज्याच्या अस्तरात तांदळाच्या दाण्याएवढ्या चकत्या होत्या. त्यांतून वीज एका बाजूनं सोडली की चकती तापायची, उलट्या बाजूनं सोडली की गार पडायची. जोडीला हवेच्या इवल्याशा पिशव्या. त्या फुगल्या की बोटांवर दाब यायचा, थरथरल्या की खरखर लागायची. एवढ्यावर हेळेवाडीची पोरं हत्तीच्या पाठीवरून हात फिरवू लागली, हिमनगाला टेकू लागली. ज्या गावात बर्फ फक्त कुल्फीच्या गाडीवर दिसायचा, तिथल्या सात वर्षांच्या मुलाला हिमनग हाताला लागणं ही लहानसहान गोष्ट नव्हे. वृषालीनं स्वतः पहिल्यांदा मोजे घातले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

खरी करामत पुढे होती. प्रत्येकाचा हात वेगळा. विहिरीवर हात धुऊन आलेल्याला जे पाणी गरम लागतं, तेच खिशातून हात काढलेल्याला गार लागतं. मोजा प्रत्येकाच्या कातडीचं तापमान बघायचा, ज्याला कमी लागतंय त्याला थोडं जास्त द्यायचा, ज्याला जास्त लागतंय त्याला थोडं कमी. म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना एक गोष्ट एकसारखीच लागावी. या सोयीचं नाव होतं 'सावर'. बाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर तिची एक सरकपट्टी होती. डावीकडे नेली की सावर बंद, उजवीकडे नेली की पूर्ण.

वृषालीनं ती पहिल्या आठवड्यातच उजव्या टोकाला नेली. का? कारण त्या टोकाला सगळे दिवे हिरवे लागत होते. कुणाच्या मटकीला वास नाही, कुणाचं उत्तर वेगळं नाही, कुणी रडत नाही. आजूबाजूच्या शाळांमधले शिक्षक तिचा वर्ग बघायला येऊ लागले. "मॅडम, तुमच्या पोरांना सगळंच कसं बरोबर येतंय हो?" असं कुणी म्हणालं की ती "पोरंच हुशार आहेत," म्हणून हसायची. कौतुक कुणाला कडू लागतं?

एकदा पाहुण्यांसमोर तिनं हातांचं भांडण मोज्यांवर करून दाखवलं. पडद्यावर तीन बादल्या आल्या. पोरांनी हात घातले, काढले, मधल्या बादलीत घातले. "काय लागतंय?" "कोमट!" सगळे ठिपके हिरवे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वृषालीला मात्र काहीतरी खटकलं. भांडण कुठं गेलं? सावर पूर्ण होतं. मोज्यांनी दोन्ही हातांचं भांडण लागायच्या आधीच मिटवून टाकलं होतं. प्रयोगाचा प्राणच गेला होता आणि प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला होता. तिला ते दिसलं, कळलं, आणि पाहुण्यांसाठी चहा आला तसं ते बाजूला राहिलं.

वाळवंटाच्या आधी काही दिवस, हिमनगाच्या तासाला, स्वरांजलीनं हात वर केला होता. तेव्हाही मागे पाहुणे बसले होते.

"बाई, ह्यो मोजा चावालाय."

"चावतो कसा मोजा?" वृषाली हसून म्हणाली. पाहुणेही हसले. "दिवा कुठला लागलाय?"

"हिरवा."

"मग झालं तर. मोजा चुकत नाही, बाळ." आणि तिनं सवयीनं भिंतीकडे बोट दाखवलं. "काय लिहिलंय तिथं?"

स्वरांजलीनं अक्षरं लावत वाचलं, "आधी मोजा, मग बोला."

"शाब्बास. बस खाली."

पोरगी बसली. त्यानंतर तिनं मोज्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी हात बघून सांगितलं, भाजणं फार खोल नाही, पण व्रण राहील. मोज्यांच्या कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी आला, उजवा मोजा उलटा करून बघितला आणि उलगडा केला. तळहाताचं तापमान बघणारा बारीक काटा अस्तरात सरकला होता. मोज्याला वाटलं, या मुलीचा हात फार गार आहे. सावर पूर्ण, त्यामुळे तो तिला ऊब देत राहिला, देत राहिला. गरम पाण्याची पिशवी कुशीत घेऊन झोपलेला माणूस भाजतो, तो काही उकळत्या पाण्यानं नव्हे; थोडीशीच जास्त ऊब, पण एकाच जागी आणि बराच वेळ. तसंच हे.

"पण झोपलेला माणूस," तो माणूस मान खाजवत म्हणाला. "जागं माणूस हात काढून घेतं ना मॅडम. म्हणून तर आम्ही... म्हणजे एवढा वेळ कुणी मोजा हातात ठेवेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं."

"सावर अर्ध्यावर असतं तर?" वृषालीनं विचारलं.

"तर कदाचित टळलं असतं. पण पूर्ण ठेवू नका, असं आम्ही तरी कुठं सांगितलं होतं? तुमची काहीच चूक नाही."

हत्तरकी सरांनी सुटकेचा श्वास टाकला. तांत्रिक बिघाड, असं सगळ्यांचं एकमत झालं. कंपनीनं नवे मोजे दिले, वर माफीही मागितली. वृषालीला कुणी शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला सोसेना. कुणी खडसावलं असतं तर निदान स्वतःची बाजू मांडता आली असती. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसा तिचा घसा दिवसभर खवखवत राहायचा. मोजा चावालाय, हे वाक्य वर्गात ज्यांनी ऐकलं होतं त्यांतल्या एकाही मोठ्या माणसाला ते आता आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त तिला.

रविवारी ती स्वरांजलीच्या घरी गेली. तिची आई, उज्ज्वला, काजूच्या कारखान्यात निवडणीला होती; आज सुट्टी म्हणून घरी होती. तिनं बाईंना खुर्ची दिली, पंखा लावला आणि नको नको म्हणत असताना पोहे टाकले. स्वरांजली हाताला पांढरी पट्टी बांधून दारात बसली होती आणि डाव्या हातानं मांजराला खेळवत होती.

"बाई, तुमी कशाला वाईट वाटून घ्यालाय?" उज्ज्वला म्हणाली. "मशिनीचं काय खरं असतंय? मला राग ह्या कार्टीचा येतोय. एवढा हात पोळस्तोवर गप बसली! काय गं, तोंड शिवलंतं काय तुझं? बोलायचं न्हाई?"

स्वरांजलीनं मांजराला सोडलं. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा, कारण तिनं वर्गातल्यासारखं स्पष्ट, खणखणीत उत्तर दिलं.

"आधी मोजा, मग बोला. मोजा बोललाच न्हाई. मग मी कशी बोलू?"

मग उज्ज्वलाला ते उमगलं आणि ती पदर तोंडाला लावून खदखदून हसली. "अगं बया! बाई, ऐकलंत काय? ते मोजायचं म्हणतंय न्हवं गं सोने, ह्यो हातातला मोजा समजली व्हय तू?"

वृषालीला हसता आलं नाही. तिनं ती अक्षरं रंगवली तेव्हा मोजा म्हणजे एकच होतं: हात पुढे करा, बघा, पारखा. त्याच अक्षरांखाली बसून एका मुलीनं वर्षभर वाचलं होतं की आधी मोजा बोलेल, मग तू. आणि ती चुकीचं वाचत होती असंही नव्हतं. वर्गात चाललं होतं ते तसंच होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे हातच्या पोळण्यालाही पोरीनं दिव्याची वाट बघितली.

"स्वरू, जा, मांजराला दूध घाल," वृषाली म्हणाली. मुलगी आत गेल्यावर तिनं उज्ज्वलाला सगळं सांगितलं. चावालाय म्हणाली होती ते, पाहुणे हसले ते, आपण भिंतीकडे बोट दाखवलं ते, आणि ती सरकपट्टी कुणी कुठे नेली होती तेही.

उज्ज्वलाचं हसू हळूहळू मावळलं. तिनं बाईंच्या हातातली बशी घेतली. पोहे अर्धे उरले होते.

"गार झालं. ऱ्हाऊ द्यात," ती म्हणाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती थांबली, पण वळली नाही. "मला सांगून काय उपयोग, बाई? सांगायचं तर तिला सांगा."

वृषाली उठली. दारातून आत तिला स्वरांजली दिसत होती, वाटीत दूध ओतताना. तिला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला सात वर्षांच्या पोरीची भीती वाटली. ती तशीच घरी गेली.

सोमवारी तिनं नव्या मोज्यांची पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अहो मॅडम, असं करून कसं चालेल?" हत्तरकी सर कळवळले. "आख्ख्या भागात नाव झालंय आपल्या शाळेचं. एका बिघाडासाठी चांगली वस्तू टाकून द्यायची म्हणजे उवा झाल्या म्हणून डोकं उडवण्यातला प्रकार झाला."

"टाकत नाही, सर. वस्तू चांगलीच आहे. हिमनग दाखवायला परत काढीन. पण ज्याला हात पुरतो त्याला मोजा नको. आणि सावर तर मुळीच नको."

"आणि पोरांची उत्तरं चुकली म्हणजे?"

"चुकू देत," ती म्हणाली. तिनं कपाटाची किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

स्वरांजलीची पट्टी सुटली, तळहातावर गुलाबी नवी कातडी आली, आणि त्याच आठवड्यात वृषालीनं वर्गात तीन खऱ्या बादल्या मांडल्या. पाणी सांडलं, सतरंजी भिजली, कुणाची तरी बाही कोपरापर्यंत ओली झाली. आठवडी बाजार पुन्हा भरला. पण काहीतरी वेगळं होतं. पोरं मधल्या बादलीत हात घालायची, दचकायची, आणि ओरडायच्या आधी मनगटाकडे बघायची. तिथे काही नव्हतं. मग एकमेकांकडे बघायची. पृथ्वीराजनं तर सरळ विचारलं, "बाई, बरोबर कुठलं ते आधी सांगा की." वृषालीनं नुसतं बादलीकडे बोट दाखवलं. शेवटी त्याच्या तोंडून निसटलंच, "आयला, एक हात गरम म्हणालाय नि एक गार!" आणि मग बांध फुटल्यासारखी सगळीच कालवा करू लागली.

स्वरांजलीची पाळी शेवटी आली. वृषालीनं तिचा गुलाबी तळव्याचा उजवा हात गार पाण्यात ठेवायला सांगितला आणि डावा गरम पाण्यात. गरम म्हणजे नुसतं उबदार. तिनं स्वतः हात घालून दोनदा बघितलं होतं. बाकीची पोरं एव्हाना काठीनं बादलीत भोवरे करण्यात गुंतली होती. थोडा वेळ गेला. स्वरांजली तशीच बसून राहिली. आणखी वेळ गेला.

"काढू?" तिनं विचारलं.

पाण्यातून हात काढायला ही पोरगी परवानगी मागत होती. त्या दिवशीही मनातल्या मनात तिनं असंच विचारलं असेल, आणि उत्तर आलं नसेल.

"तुला वाटेल तेव्हा काढ," ती कशीबशी म्हणाली.

मुलीनं हात काढले, मधल्या बादलीत घातले. तिच्या कपाळाला आठी पडली. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा आवाजात ती म्हणाली, "ह्याला गरम लागालंय. ह्याला गार." लगेच तिनं मनगट वळवून बघितलं. मग बाईंचा चेहरा बघितला.

वृषालीनं मान हलवली नाही. हलवली असती तर तोही एक हिरवा दिवाच झाला असता. ती नुसती बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर मुलीचा चेहरा पडत गेला.

"चुकलं का, बाई?"

आता मात्र वृषालीच्यानं राहवेना. ती ओल्या सतरंजीवर गुडघे टेकून बसली.

"नाही गं. तुझं काहीच चुकलेलं नाही. चुकलं ते माझं, स्वरू. हिमनगाच्या तासाला तू म्हणालीस ना, मोजा चावतोय? ते खरं होतं. तुझा हात खरं सांगत होता, मीच खोटं पाडलं."

स्वरांजलीनं विचार केला. रागावली नाही, रडली नाही. बाईंना साधी गोष्ट कळायला इतका वेळ का लागला, याचंच तिला नवल वाटत होतं.

"मी सांगितलंतं की, बाई," ती म्हणाली.

पलीकडे पृथ्वीराजनं गार पाण्याची बादली कलंडवली. स्वरांजली "ए, माझं व्हायचंय अजून!" म्हणून त्याच्यावर ओरडली आणि दोन्ही हात पुन्हा मधल्या पाण्यात घालून बसली. वृषाली तिच्यासमोर तशीच गुडघ्यांवर होती. गार पाण्याचा ओघळ तिच्या साडीपर्यंत आला, पण तिला उठवेना.